नामानिराळी

सोहारमध्ये गुरुवारी दुपारी तीननंतर
विद्यापीठात कामाला असतो फक्त एसी
आणि मी.
संकेतस्थळ माझ्याकडे. म्हणजे प्राध्यापकांचे फोटो, पदव्या,
शोधनिबंध: कोणी, कशावर, कोणत्या साली.
सोपं काम आहे, असं मी घरी सांगतो.

त्या गुरुवारी गुहागरहून मेसेज.
"मी मधुलिका आरेकर. ओळखलंत ना?
एका ठिकाणी अर्ज केलाय.
ते म्हणतात, तुम्ही म्हणता त्या निबंधावर
तुमचं नावच नाही."

उघडून पाहिलं.
बातिनाच्या विहिरींत समुद्र किती आत आला, त्याचा निबंध.
छापील प्रतीत सहा नावं, पहिलं तिचं.
आमच्या पानावर तीन.
पहिले, डॉ. राशिद अल् मामरी.

कारण सापडायला चहाही संपावा लागला नाही.
करार संपला की कर्मचारी क्रमांक मिटतो,
क्रमांक मिटला की नाव गळतं,
नाव गळलं की खालचे वर सरकतात.
कोणी ढकललं नव्हतं तिला.
रांगेतलं माणूस गावी गेलं, रांग पुढे सरकली,
इतकंच.

आपल्याकडे नामानिराळा म्हणजे
सगळं करून सवरून अंग काढून घेणारा.
हिनं सगळं केलं, अंग काढलं नाही,
एकेचाळीस विहिरी, दोन उन्हाळे,
मापक बिघडला तेव्हा ड्रायव्हर मर्हूननं
जिभेवर थेंब घेऊन सांगितलं होतं
ही गेली, ही अजून दोन वर्षं काढेल.
(मापक दुरुस्त होऊन आला आणि
बहुतेक ठिकाणी त्याच्याशी सहमत झाला.)

मी हातानं नाव घातलं.
रविवारी सकाळी नाही.
पुन्हा घातलं. सोमवारी नाही.
रात्री दोन वाजता कुठलासा सर्व्हर
सगळी पानं पुसून जुन्या यादीवरून लिहून काढतो,
भरती आली की वाळूवरचं जातं तसं,
फक्त इथे भरती वेळेवर येते.
वरिष्ठांना लिहिलं. उत्तर आलं:
साचा सर्वांना समान आहे.

बुधवारी डॉ. राशिद स्वतः खाली आले.
डोक्यावर कुम्मा, हातात फोन, फोनवर तेच पान.
मी खुर्चीतून उठलो. आता मलाच विचारतील,
कोणाच्या परवानगीनं खाडाखोड चाललीय.
"मी चौथा आहे," ते म्हणाले.
मला नीट कळलं नाही असं वाटून
चार बोटं दाखवली.
"त्या विहिरींवर मी दोनदा गेलो.
दोन्ही वेळा गाडीतच बसून होतो."
आणि उभ्या उभ्या सही केली.

आता आमच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना आहे:
छापलं तसंच.
त्यात जिशा के. बसते, जिला आडनाव नाही,
के. म्हणजे तिचे वडील, केशवन;
जुना साचा त्यांनाच घराणं समजायचा.
तिसरा जपानचा, तो कधीच आमचा नव्हता, तोही बसतो.
मग अल् मामरी. अल् काय, कर काय,
कुठून आलो ते दोघंही शेपटासारखं
किंवा शिंगासारखं बाळगतो.

गुहागरला स्क्रीनशॉट पाठवला.
तिनं अंगठा पाठवला. नोकरी मिळाली का, ते विचारलं नाही.

संध्याकाळी मर्हूनच्या गाडीतून घरी निघालो.
"झालं का बाईंचं?"
मी फोन पुढे केला. सिग्नलला थांबून त्यानं
एकेक नाव ओठांनी वाचलं, वरून खाली,
आणि खाली पोचल्यावर बोट आणखी थोडं सरकवलं.
छापील प्रतीत, अगदी शेवटी, आभारांत तो आहे,
एक अक्षर चुकून.
आमच्या पानावर आभार नसतात. तसा रकाना नाही.
हे त्याला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो,
तेवढ्यात हिरवा लागला.

डाव्या हाताला खजुरीची बाग आली,
शेंडे करपलेले.
"एकतिसावी," तो म्हणाला,
आणि गियर टाकला.